आतून बंद होणारं दार

ही गोष्ट एकोणीसशे त्रेसष्ट सालची. आमच्या गढीपर्यंत डांबरी रस्ता आला ते हे साल, आणि माझं लग्न ठरलं तेही याच साली. गावाला कौतुक रस्त्याचं जास्त होतं. लग्न काय, कोणाचंही ठरतं.

गढी म्हणजे शेतांच्या मधोमध एका उंचवट्यावर बांधलेलं आमचं घर. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला घर असं दिसायचंच नाही, दिसायचा तो तट. खाली काळा दगड, वर भाजक्या विटा, आणि चार कोपऱ्यांना चार बुरूज. नदीच्या बाजूचा बुरूज इतर तिन्हींपेक्षा जाडजूड होता, कारण पूर्वी लुटारू नदीच्या पात्रातून यायचे असं म्हणत. बाहेर उघडणारी एकही खिडकी खालच्या मजल्याला नव्हती. साऱ्या खिडक्या आतल्या चौकाकडे तोंड करून. आई मोठमोठ्या खिडक्यांच्या घरातून आलेली. ती म्हणायची, हे घर आरशासमोर बसल्यासारखं जन्मभर स्वतःकडेच बघत बसलंय. चौकात विहीर होती, विहिरीच्या मागे धान्याची कोठारं, आणि वर जायला एकच दगडी जिना, इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस चढेल. शत्रू आलाच तर त्याला एकेकटा गाठता यावा म्हणून जिना तसा ठेवलाय, असं काका अभिमानाने सांगायचे. कपाट वर चढवायची वेळ आली की त्याच जिन्याला ते ठेवणीतल्या शिव्या द्यायचे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा शेती बघायचे आणि काका गढी दाखवायचे. पाहुणा आला की काकांच्या अंगात यायचं. तटाच्या भिंतीत बंदुकीची नळी घालण्यासाठी भोकं ठेवलेली असतात, त्यांना जंग्या म्हणतात. काकांच्या लेखी आमच्या घरातलं प्रत्येक भोक म्हणजे जंगी. स्वयंपाकघरातून धूर जायला ठेवलेलं भोकसुद्धा त्यांनी एकदा एका तहसीलदाराला जंगी म्हणून दाखवलं होतं. त्या वेळी आत फोडणी चालली होती. तहसीलदार शिंकत शिंकत परत गेले.

गढीला दार एकच. सागवानी दोन फळ्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या आणि बोटाएवढे खिळे. दाराला लागून बाहेरच्या बाजूला पहारेकऱ्याची एक छोटी खोली होती, तिला देवडी म्हणत. पहारेकरी कधीच गेले होते. आता तिथे टोपल्या आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. फळ्या आतल्या बाजूला उघडायच्या. संध्याकाळी त्या लोटल्या की मागून अडसर घालायचा. हा अडसर म्हणजे दाराच्या रुंदीहून लांब अशी एक चौकोनी तुळई. दिवसभर ती देवडीच्या बाजूच्या भिंतीतल्या पोकळीत सरकून बसलेली असे. संध्याकाळी ती बाहेर ओढायची, दाराच्या पाठीवरून पलीकडे न्यायची आणि समोरच्या भिंतीतल्या खाचेत बसवायची. मग बाहेर हत्ती आला तरी दार उघडायचं नाव नाही.

या सगळ्यात एक गोम होती. अडसर घालणारा माणूस आतच राहणार. दाराला बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप नाही. त्यामुळे घर बंद करून सगळ्यांनी मिळून कुठे जाणं आमच्या घराण्यात कोणालाच कधी जमलं नव्हतं. गडीमाणसं दिवस मावळला की आपापल्या घरी जात, आणि अडसर घरच्याच माणसाने घालायचा असा नियम होता. कुठे बाहेरगावी जायचं ठरलं की पहिला प्रश्न यायचा, "दाराला कोण?" उत्तरासाठी कोणी थांबत नसे, कारण उत्तर ठरलेलं होतं. दाराला आत्या.

आत्या अप्पांहून लहान आणि काकांहून मोठी. बारीक चणीची, पण तो अडसर तिच्याशिवाय कोणाला नीट सरकवता यायचा नाही. त्याची एक खुबी होती. तुळईचं पुढचं टोक खाली झुकायचं आणि खाचेच्या काठावर अडायचं. आत्या डाव्या हाताने ते टोक किंचित उचलायची आणि कमरेने मागून रेटा द्यायची. एखाद्या हट्टी म्हशीला गोठ्यात ढकलावं तसं. अप्पांनी आणि काकांनी कधी प्रयत्न केलाच तर अडसर वाटेतच अडकायचा आणि काकांची पाठ धरायची. ती पाठ पुढे कुठलंही काम निघालं की पुन्हा धरायची.

आत्याचं लग्न झालं नव्हतं. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं, तेव्हा मुलाचं घर बघायला घरची झाडून सगळी माणसं गेली, आणि दाराला आत्या राहिली. तिचंच लग्न, तिचंच होणारं घर, पण ते बघायला ती सोडून सगळे. पुढे ते स्थळ कशामुळे फिसकटलं हे मला कोणी सांगितलं नाही. आत्या मात्र हसत सांगायची की घर चांगलं होतं म्हणे, खिडक्या होत्या.

आई सतत आजारी असे, म्हणून मला वाढवलं आत्याने. तिनेच मला चालायला शिकवलं, तेही त्या चौकात, विहिरीला वळसा घालत. माझं लग्न ठरलं ते लांबच्या शहरात. सासऱ्यांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून लग्न त्यांच्याकडे करायचं ठरलं. रेल्वेने जायचं, तिथे काही दिवस राहायचं. बैठक बसली आणि काकांनी सवयीने विचारलं, दाराला कोण? आणि सवयीनेच पुढच्या विषयावर गेले.

मी म्हटलं, आत्या नसेल तर मी लग्नाला उभी राहणार नाही.

मग समजावणं सुरू झालं. काका म्हणाले, तसा मी राहिलो असतो, पण व्याह्यांशी चार शब्द बोलायला कोणी नको का, आणि माझी पाठ. अप्पा म्हणाले, घर उघडं टाकून जायचं का? आत्या भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अगं पोरी, लग्न तुझं आहे. मी काय तिथे येऊन तुझ्याऐवजी उभी राहणार आहे?" पण निवडलेली भाजी ती देठांच्या ढिगात टाकत होती, हे मला दिसत होतं.

मी हट्ट सोडला नाही. शेवटी अप्पा नमले. लोहाराला बोलावून दाराला बाहेरून कोयंडा ठोकून घ्यायचा आणि कुलूप लावायचं, असं ठरलं. आजवर त्या दाराला कोणी नवा खिळा मारला नव्हता. अप्पांना ते जिवावर आलं होतं, पण त्यांनी शब्द दिला. त्या दिवशी आत्याने पेटीतून आपलं चांगलं लुगडं काढून उन्हात घातलं.

लोहार यायच्या आठवडाभर आधी मोजणीवाला आला.

जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याचा हा तरुण नोकर. डांबरी रस्ता झाल्यामुळे त्याची जीप आमच्या दारापर्यंत पोचली, नाहीतर तो कशाला तडमडतोय. त्याला गढीचा नकाशा काढायचा होता. तिला खात्याच्या यादीत घ्यायचं की नाही हे त्यावरून ठरणार होतं. आणि ते ठरेपर्यंत, तो अगदी नम्रपणे म्हणाला, कुठे काही पाडायचं नाही, जोडायचं नाही, भोक पाडायचं नाही. दाराला तर हातच लावायचा नाही.

अप्पांचा चेहरा उजळला. शब्द मोडल्याचा दोषही नाही आणि दारही शाबूत. माझं डोकं फिरलं. मी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. आत्यानेच दिला, आणि लुगडं घडी घालून पेटीत ठेवून दिलं.

मोजणीवाल्याजवळ एक लांब पोलादी टेप होती. तिचं दुसरं टोक धरायला त्याला माणूस हवं होतं. काका एक भिंत होईपर्यंत टिकले, मग त्यांची पाठ धरली. त्यामुळे टोक आत्याच्या हातात आलं. सकाळी स्वयंपाक उरकून ती त्याच्याबरोबर घरभर फिरायची. तो आकडा ओरडायचा, ती टोक सोडायची. आमचं बघून तोही तिला आत्याबाई म्हणायला लागला. त्याची पद्धत साधी होती. खोली आतून मोजायची, भिंत बाहेरून मोजायची, आणि उरलेली ती जाडी. आत्याला याची फार गंमत वाटली. जन्मभर ज्या भिंतींना ती टेकून बसत आली, त्यांच्या आत किती काय आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. कोठारांच्या भिंती बुरुजांइतक्याच जाड निघाल्या. मोजणीवाला म्हणाला, ही गढी लढायला बांधलेली नाही आत्याबाई, लढावं लागू नये म्हणून बांधलेली आहे. राजा नव्हता राहत इथे, धान्य राहत होतं. हे काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

तरी देवडी दाखवायला ते उठलेच. तो त्यांचा हुकमी एक्का होता. देवडीच्या आतल्या भिंतीत एकावर एक अशी दोन भोकं होती, चिंध्यांनी बुजवलेली. काकांनी चिंध्या उपसल्या आणि सांगितलं, वरची जंगी उभ्याने गोळी झाडायला, खालची गुडघ्यावर बसून. शत्रू दारात आला की इथून आमच्या पूर्वजांनी त्याला टिपायचा.

मोजणीवाल्याने दोन्ही भोकांत काठी घालून बघितली आणि डोकं खाजवलं. तो म्हणाला, बसून झाडली तर गोळी तुमच्याच अडसराला लागेल, उभ्याने झाडली तर दाराच्या चौकटीला.

"आणि शत्रू आत शिरला असेल तर?" काकांनी विचारलं.

"तर तो भिंतीत शिरला असेल, काका."

तो कागद पसरून तिथेच बसला आणि त्याने भिंतीचा छेद काढला. खालचं भोक तिरकं जाऊन अडसराच्या पोकळीच्या मागच्या टोकाला पोचत होतं. वरचं भोक दाराच्या माथ्यावरच्या पन्हळीसारख्या खोबणीत उघडत होतं. कशासाठी, ते त्याला सांगता येईना. टेपचं टोक धरून आत्या बाजूला उभी होती. तिने कागदाकडे बघितलं, मग पुढे होऊन वरच्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग खालच्या. मग ती आत विहिरीवर गेली. आम्हाला वाटलं, हात धुवायला गेली. तिने विहिरीच्या काठच्या दगडावरून तसंच बोट फिरवलं, जिथे पिढ्यानपिढ्या पोहऱ्याच्या दोराने खाचा पडल्या होत्या, आणि परत आली.

"ही बंदूक नाही," ती म्हणाली. "हा दोर आहे."

मग ती भराभर बोलायला लागली. अडसराच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी कडी आहे. मागच्या कडीचा उपयोग कोणाला माहीत नव्हता, पुढच्या कडीला ती झाडू अडकवायची. दोन्ही कड्या एकाच बाजूने झिजून पातळ झाल्यात. समोरच्या भिंतीत, खाचेच्या वर, तिसरी एक कडी आहे, तिला ती कंदील लावायची. तीही झिजलेली. कंदिलाने लोखंड झिजतं का? हे तिला रोज दिसत होतं. पण भिंतीच्या आत काय आहे हे कागद बघेपर्यंत कोणाला दिसलं नव्हतं.

कोयंडा ठोकायला बोलावलेला लोहार तेवढ्यात आपली हत्यारं घेऊन आलाच होता. त्याला निरोप द्यायचा राहून गेला होता. ठोकायचं काही नाही म्हटल्यावर तो हिरमुसला, पण मोजणीवाल्याने त्याला सांगितलं की नवीन भोक पाडायला बंदी आहे, जुनं साफ करायला नाही. लोहाराने तारेने दोन्ही भोकांतली माती आणि जुनी घरटी काढली. विहिरीचे दोन दोर आणले. एक खालच्या भोकातून थेट अडसराच्या मागच्या कडीला. दुसरा वरच्या भोकातून, दाराच्या माथ्यावरच्या खोबणीतून, पलीकडच्या कंदिलाच्या कडीतून खाली अडसराच्या पुढच्या कडीला. सगळे दाराबाहेर आले, फळ्या बाहेरून ओढून घेतल्या आणि अप्पांनी देवडीत जाऊन वरचा दोर खेचला. आत काहीतरी घरघरत सरकलं आणि धप्पकन बसलं. मधे कुठे अडलं नाही. दोर वरून येत असल्यामुळे अडसराचं पुढचं टोक आपोआप उचललं जात होतं. जन्मभर आत्या डाव्या हाताने जे करत आली, ते तो दोर आपसूक करत होता.

अप्पांनी दार ढकललं, काकांनी ढकललं. हलेना. खालचा दोर ओढला, अडसर मागे गेला, दार उघडलं. देवडीच्या दाराला साधी कडी होती, तिला साधं बाजारातलं कुलूप लावलं की गढी बंद. काकांनी टाळी वाजवली. मी आत्याला मिठी मारायला वळले, तर ती देवडीत शिरत होती. तिने स्वतः दोर खेचला, बाहेर आली, आणि दारासमोर रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"बंद झाल्यावर ते बाहेरून असं दिसतं होय," ती म्हणाली.

तेव्हा आमच्या लक्षात आलं. ते दार रोज तिनेच बंद केलं होतं, आणि बंद झालेलं दार बाहेरून तिने कधीच बघितलं नव्हतं.

पहारेकरी होते तोवर दोर होते, असा मोजणीवाल्याचा अंदाज होता. नंतर पहारेकरी गेले, दोर कुजले, आणि नवे कोणी घातले नाहीत. अप्पा बराच वेळ त्या झिजलेल्या कडीकडे बघत होते. म्हणाले, आपल्याला कधी सुचलंच नाही गं.

"सुचायची गरज कोणाला होती, दादा?" आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माणूस फुकट मिळालं की दोर कोण विकत आणतो?"

अप्पांनी मान खाली घातली. काकांनी पाठीला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला.

मला वाटलं, आता सगळं सुटलं. पण दुसऱ्या दिवशी मी लुगड्याचा विषय काढला, तर आत्या म्हणाली, मी येणार नाही. मी रडले, भांडले. ती चुलीसमोर बसून राहिली. मग म्हणाली, आजपर्यंत मी घर राखतेय असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचे. आता मी बाहेर पडले की म्हणतील, बघा, दोरीचं काम ही बाई जन्मभर करत होती.

आई दारात उभी राहून ऐकत होती. आई फार कमी बोलायची, आणि आत्याशी बोलताना तर तोलून मापून. ती आत येऊन पाटावर बसली.

"म्हणू देत, वन्सं," ती म्हणाली. "पण आता राहिलात तर काय म्हणतील? दोर असूनही राहिली, म्हणतील. इतके दिवस तुम्हाला राहावं लागलं. आता राहिलात तर तो तुमचा निर्णय होईल."

चुलीतलं लाकूड आत्याने मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. मग मला म्हणाली, लुगड्याला इस्त्री करून आण, घड्या पडल्या असतील.

निघायच्या दिवशी सकाळी सामान स्टेशनवर नेणाऱ्या मोटारगाडीत चढलं. सगळे बाहेर आले. वरचा दोर आत्यानेच खेचला. अप्पांनी देवडीला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्यापुढे धरली. म्हणाले, तुझ्याकडेच ठेव, तुझा मान आहे. आत्याने किल्ली घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि काकांच्या खिशात टाकली.

"किल्ली ज्याच्याकडे, त्याला आधी परत यावं लागतं," ती म्हणाली, आणि गाडीत खिडकीजवळ जाऊन बसली.

माझ्या लग्नात ती पहिल्या रांगेत होती. लग्नानंतर सगळे परतले, ती चार दिवस म्हणून माझ्याकडे राहिली. ते चार दिवस लांबत गेले. मग आमच्या शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती, ते काम तिने धरलं, आणि हात चालत होते तोवर केलं. तिथलं फाटक संध्याकाळी चौकीदार बंद करायचा, बाहेरून, कुलपाने. ते बघायला ती काही दिवस रोज फाटकाबाहेर येऊन उभी राहायची. चौकीदाराला वाटायचं, बाई आपल्यावर नजर ठेवतात. गढीत ती नंतरही जायची, पण पाहुणी म्हणून. संध्याकाळ झाली की खुर्चीत बसून राहायची आणि अप्पांना म्हणायची, दार लावा की. वसतिगृहातल्या आपल्या खोलीचं दार तिने शेवटपर्यंत ओढून घेतलं नाही. वाऱ्याने आपटू नये म्हणून एक पाट लावून ठेवायची. त्याच खोलीत, झोपेत गेली.

आई माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेली होती. जाण्यापूर्वी तिने चौकात बसण्याऐवजी दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून बसायची सवय लावून घेतली होती. अप्पा पुढे बरेच जगले. दोर बदलायची वेळ आली की ते स्वतः बदलायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

काकांनी गढी दाखवणं सोडलं नाही. गोष्ट तेवढी बदलली. आमचे पूर्वज मूळचे इंजिनिअर, असं ते सांगायला लागले, आणि दोर ओढून दाखवायचे. पाठ धरेपर्यंत ओढायचे. लोहाराने त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. नवीन काही केलंच नाही तर कसले, म्हणाला. त्याचा मुलगा आता डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

मोजणीवाला पुढे मोठा अधिकारी झाला. गढी यादीत गेली नाही, लढाई झालेली नव्हती म्हणून. पण त्याने नकाशाची एक प्रत मला लग्नाची भेट म्हणून पाठवली होती, ती माझ्या खोलीत टांगलेली आहे. देवडीच्या भिंतीत त्याने दोन बारीक वर्तुळं काढलीत आणि शेजारी लिहिलंय, 'दोराची भोकं'. खाली कोपऱ्यात, मोजणी करणाऱ्याच्या नावानंतर, टेपचं दुसरं टोक धरणारीचं नावही आहे. खात्याच्या नकाशावर असं कोणाचं नाव लिहीत नाहीत, असं मला नंतर कळलं.

गढी आता एका बियाणं कंपनीने भाड्याने घेतलीय. पुन्हा धान्यच राहतं तिथे. दोर काढून टाकलेत आणि दाराला बाहेरून कोयंडा आणि मोठं कुलूप आहे. मी मागे गेले होते तेव्हा ते लावलेलं होतं. आत्या उभी राहिली होती तिथे, रस्त्यावर थोडा वेळ उभी राहिले, आणि परत आले.